विमा खाटेचा, दाढ खुर्चीतली

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी पहाटे साडेचारला आमचे हे तीन मित्रांना घेऊन बिर्याणी खायला गेले. होसकोटेच्या बाहेरच्या माणसाला हे वाक्य विचित्र वाटेल. पण इथे पहाटेची दम बिर्याणी ही रीतच आहे. बंगळुरूहून लोक पंचवीस-तीस किलोमीटर गाडी हाणत येतात आणि अंधारात रांग लावतात. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेलो, त्यामुळे मटणासाठी पहाटे उठण्यात आम्हाला काही वावगं वाटत नाही.

हे परत आले ते डावा गाल धरून. नळी फोडताना खालच्या दाढेचा अर्धा तुकडा उडाला होता.

सोमवारी दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं की दाढ आधीपासूनच आतून पोखरलेली होती, हाड फक्त निमित्त झालं. दोन वर्षांपूर्वी आला असता तर सिमेंट भरून भागलं असतं. आता रूट कॅनाल आणि वर कॅप. हिशेब असा झाला: एक्स-रे ४०० रुपये, रूट कॅनाल ६,००० आणि कॅप ८,५००. एकूण १४,९०० रुपये.

बाहेर आल्यावर हे अगदी निर्धास्त होते. "अगं, कंपनीचा पाच लाखांचा मेडिक्लेम आहे की! पंधरा हजारांचं काय घेऊन बसलीस?"

बिलं जोडून अर्ज पाठवला. आठ दिवसांत उत्तर आलं: दावा नामंजूर. कारण एका ओळीचं, बाह्यरुग्ण दंतोपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत. ह्यांचा संताप झाला. मला मात्र प्रश्न पडला, की हृदय आपलं, गुडघा आपला, मग दात काय भाड्याचे आहेत? पॉलिसीची छापील पानं मी त्या रात्री पहिल्यांदा पूर्ण वाचली. या वेळचा लेख त्या वाचनातून आलेला आहे.

सगळा घोळ खाटेचा

आपल्याकडचा नेहमीचा आरोग्य विमा हा आजाराचा विमा आहे असं आपण समजतो. खरं तर तो रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. आजार कितीही त्रासदायक असो, तुम्ही खाटेवर आडवे झालात का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, पॉलिसीतल्या शब्दांच्या व्याख्या सगळ्या कंपन्यांसाठी एकसारख्या ठरवून दिल्या आहेत. त्यातल्या तीन व्याख्या वाचल्या की दातांचं कोडं सुटतं.

पहिली व्याख्या रुग्णालयाची. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा आणि इतरत्र किमान १५ खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर. आता तुमच्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. मागे रेलणारी एक खुर्ची, वर दिवा, बाजूला चूळ भरायचं भांडं. खाट एकही नाही. विम्याच्या भाषेत ते रुग्णालयच नाही.

दुसरी व्याख्या दाखल होण्याची. सलग किमान २४ तास रुग्णालयात राहिलात तरच आंतररुग्ण. रूट कॅनालला तीन-चार खेपा लागतात, पण प्रत्येक खेप तासाभराची. सगळे तास मिळवूनही चोवीस होत नाहीत, आणि मिळवून चालतही नाहीत.

तिसरी व्याख्या डे-केअरची. इथे मला वाटलं की सापडली वाट! मोतीबिंदूसारख्या ज्या शस्त्रक्रिया पूर्वी दोन-तीन दिवस घेत आणि आता काही तासांत होतात, त्यांना चोवीस तासांची अट नाही. भूल देऊन केलेले उपचार असं त्यात म्हटलंय, आणि दातांतही भुलीचं इंजेक्शन देतातच की. पण त्याच व्याख्येच्या शेवटी एक वाक्य आहे: जे उपचार सामान्यतः बाह्यरुग्ण म्हणून घेतले जातात, ते यात धरले जाणार नाहीत. झालं. दार उघडता उघडता बंद.

थोडक्यात, विमा खाटेचा आणि दात खुर्चीतले. दोघांची गाठ पडत नाही ती इथे.

मग अपघातात काय?

बहुतेक पॉलिसींत दातांबद्दल साधारण असं लिहिलेलं असतं: अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच दंतोपचाराचा खर्च मिळेल. ह्यांचं म्हणणं होतं, "मग हा अपघातच नाही का? मी काय मुद्दाम दाढ फोडून घेतली?"

अपघाताचीही व्याख्या ठरलेली आहे. घटना अचानक, अनपेक्षित आणि आपल्या इच्छेविरुद्ध घडलेली हवी, आणि तिचं कारण बाहेरचं, दिसणारं आणि जोराचं हवं. गाडीवरून पडून दात तुटला तर यात बसतो. स्वतःच्या जबड्याने हाड चावताना पोखरलेली दाढ तुटली, तर "बाहेरचं आणि जोराचं कारण" दाखवणं कठीण. आणि अपघात मान्य झाला तरी दुसरी अट उरतेच, दाखल होण्याची. खुर्चीत बसून तोंड उघडणं म्हणजे दाखल होणं नव्हे.

आमच्या शेजारच्या मुलाची गोष्ट याहून शिकवणारी आहे. तो हायवेवर मोटारसायकलवरून पडला. जबड्याला फ्रॅक्चर, समोरचे दोन दात गेले. तीन दिवस रुग्णालयात होता, जबड्याला प्लेट बसवली, तो सगळा खर्च विम्यातून मिळाला. पण गेलेल्या दातांच्या जागी स्क्रूवाले दात, म्हणजे इम्प्लांट बसवायला डॉक्टरांनी चार महिने थांबायला सांगितलं, कारण आधी हाड भरून यायला हवं. घरी आल्यानंतरचा खर्च पॉलिसीत ठरावीक दिवसच मिळतो, कुठे ६० दिवस तर कुठे ९०. इम्प्लांटचं बिल झालं तोवर ती मुदत संपून गेली होती. हाड आपल्या वेळेने भरतं, पॉलिसी कॅलेंडरने चालते.

म्हणून अपघातात दाताला मार लागला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशीच्या केसपेपरवर दातांची दुखापत आणि ती कशामुळे झाली हे लिहून घ्या. नंतर आठवून सांगितलेलं कुणी धरत नाही. आणि डिस्चार्जच्या वेळीच विचारा की दातांचं पुढचं काम कधी करायचं आणि पॉलिसीची मुदत कुठवर आहे. मुदतीतलं शक्य तेवढं काम मुदतीतच उरकून घ्या.

एक चांगली बाजूही सांगते. १ एप्रिल २०२० पासून विकली जाणारी 'आरोग्य संजीवनी' ही सगळ्या कंपन्यांची एकसारख्या अटींची पॉलिसी आहे. तिच्यात आजारामुळे किंवा दुखापतीमुळे लागणारे दंतोपचार रुग्णालयातल्या खर्चात स्पष्ट धरले आहेत. म्हणजे दाताचा संसर्ग जबड्यात, गळ्यात उतरला आणि दाखल व्हावं लागलं, तर केवळ "दाताचं आहे" म्हणून नाही म्हणता येत नाही. मात्र खाटेची अट तिथेही सुटलेली नाही, आणि मंजूर रकमेतले ५ टक्के आपण भरायचे असतात.

कंपन्या दातांना का घाबरतात?

आधी मला यात नुसती कंपन्यांची चलाखी दिसली. मग शांतपणे विचार केला तेव्हा त्यांचं गणितही कळलं, आणि ते कळणं आपल्या फायद्याचं आहे.

विमा कशावर चालतो? शंभर घरांनी थोडे थोडे पैसे घातले, आग एका घराला लागली, त्याला सगळ्यांच्या पैशातून भरपाई मिळाली. दातांचं तसं नाही. दातांची आग शंभरातल्या बहुतेक घरांना कधी ना कधी लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात जवळपास साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे. जे जवळजवळ सगळ्यांना होणार, त्याचा विमा काढणं म्हणजे गणपतीच्या खर्चाचा विमा काढण्यासारखं. तो दरवर्षी येणारच, त्याची तरतूद करायची असते.

दुसरं कारण, दात थांबवून ठेवता येतो. हृदयविकाराचा झटका कुणी पुढे ढकलत नाही. दाढ मात्र आपण लवंग धरून वर्षभर ढकलतो. म्हणजे आधी विमा घ्यायचा, मग दाढ दाखवायची, असं करणं सहज शक्य असतं. म्हणून जिथे दातांचा विमा मिळतो तिथे सुरुवातीचा काही काळ थांबायची अट असते.

तिसरं, बिलं लहान आणि असंख्य. आणि चौथं, गरज आणि हौस यांच्यातली रेघ पुसट. मुलीच्या दातांना तारा लावायच्या त्या चावता यावं म्हणून की फोटो छान यावा म्हणून, हे कागदावरून ठरवणार कोण?

आपल्याकडे दातांच्या विम्याचे प्रयोग झालेच नाहीत असं नाही. वीसेक वर्षांपूर्वी टूथपेस्टच्या खोक्याबरोबर दातांचा छोटा विमा देण्याची योजनाही बाजारात येऊन गेली. टिकली नाही. आज आपल्याकडे निव्वळ दातांसाठीची वेगळी पॉलिसी सहसा सापडत नाही. दातांचं कवच येतं ते दुसऱ्या कशाच्या तरी पोटात.

अमेरिकेतली दातांची भिशी

आमच्या वन्सं न्यू जर्सीला असतात. त्यांच्याकडे दातांचा वेगळा विमा आहे हे ऐकून मला फार हेवा वाटायचा. या दाढेच्या निमित्ताने फोनवर सगळं विचारून घेतलं.

तिथे दातांचा विमा सुरू झाला तो गोदी कामगारांमुळे. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने मालकांबरोबरच्या कल्याण निधीतून कामगारांच्या मुलांसाठी दंतोपचाराची सोय करून घेतली, आणि त्यातून पुढे दातांच्या विम्याच्या संस्था उभ्या राहिल्या. आजही तिथे बहुतेकांना तो नोकरीतूनच मिळतो.

वन्संच्या पॉलिसीचा साचा तिथे सर्रास आढळणारा आहे. तपासणी आणि दात साफ करणं पूर्ण मोफत. सिमेंट भरणं वगैरे असेल तर कंपनी ८० टक्के देते. कॅपसारख्या मोठ्या कामाला ५० टक्के, तेही पहिलं वर्ष सरल्यावर. आणि या सगळ्याला वर्षाची कमाल मर्यादा १,५०० डॉलर. त्यापुढचा एक-एक डॉलर स्वतःचा.

नीट बघा, हे आपल्या मेडिक्लेमच्या अगदी उलट आहे. आपल्या मेडिक्लेममध्ये छोटा खर्च आपला, मोठा कंपनीचा. दातांच्या विम्यात छोटा खर्च कंपनीचा आणि मोठा आपला! म्हणून तर वन्सं दर दोन वर्षांनी कोल्हापूरला आल्या की पहिल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतात. तिथल्या एका कॅपमधल्या त्यांच्या वाट्याच्या पैशांत इथे दोन-तीन कॅप होतात, असा त्यांचा हिशेब आहे.

म्हणजे दातांचा विमा हा विम्यापेक्षा भिशीच्या जवळचा आहे. आपलेच पैसे आगाऊ भरायचे आणि ठरलेल्या मर्यादेत परत घ्यायचे. त्याचा खरा उपयोग एकच, पण तो मोठा आहे. तपासणीचे पैसे भरलेलेच आहेत, म्हणून माणूस वर्षातून दोनदा खुर्चीत जाऊन बसतो आणि कीड लहान असतानाच सापडते.

आपल्याकडे काय काय मिळतं

ऑफिसचा गट विमा. काही कंपन्यांच्या गट पॉलिसीत ओपीडीची रक्कम वेगळी ठेवलेली असते आणि तिच्यात दात-डोळे येतात. ह्यांच्या पॉलिसीत ती नव्हती, पण त्यांच्याच मित्राच्या कंपनीत वर्षाला ७,५०० रुपये होते आणि त्या बिचाऱ्याने चार वर्षांत एक रुपया वापरला नव्हता. बहुतेक ठिकाणी न वापरलेली रक्कम वर्षाअखेर बुडते. एचआरला एक मेल टाकायला काय जातं?

स्वतःच्या पॉलिसीला ओपीडीची जोड. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ती देतात. घेण्याआधी पाटी-पेन्सिल घेऊन बसा. समजा जादा हप्ता ५,००० रुपये आहे, दातांसाठीची मर्यादा ५,००० रुपये आहे आणि पहिली दोन वर्षं थांबायचं आहे. म्हणजे दोन वर्षांत १०,००० रुपये गेले आणि हाती काही नाही. तिसऱ्या वर्षी १५,००० भरून झाल्यावर जास्तीत जास्त ५,००० मिळणार. असं गणित असेल तर नमस्कार करावा आणि उठावं. पण थांबायची अट नसेल, त्याच रकमेत डॉक्टरांची फी, औषधं, तपासण्याही येत असतील, घरात लहान मुलं नि ज्येष्ठ असतील, तर आकडे वेगळे पडतील.

दवाखान्यांची कार्डं. "वर्षाला ९९९ भरा, सगळ्या कुटुंबाची तपासणी मोफत, उपचारांवर २० टक्के सूट" अशी कार्डं हल्ली जागोजागी मिळतात. कधी ती फायद्याचीही असतात. पण तो विमा नव्हे, आगाऊ घेतलेली सवलत आहे. दवाखाना बंद झाला तर कार्डही गेलं. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या विमा पॉलिसीवर नियामकाने दिलेला यूआयएन क्रमांक छापलेला असतो. कार्डावर तो नसतो, आणि त्याबद्दल विमा लोकपालाकडे जाताही येत नाही.

सरकारी योजना. कर्नाटकात दंत भाग्य योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारक ज्येष्ठांना पूर्ण कवळी मोफत बसवून मिळते, आणि हे काम दंत महाविद्यालयांतून होतं. गावाकडून कामासाठी आलेल्या कितीतरी कुटुंबांत दात नसलेले आजी-आजोबा पेजेवर दिवस काढतात. त्यांच्यापर्यंत हे नाव पोचवा.

दंत महाविद्यालयं. हा विमा नाही, पण विम्याहून उपयोगी ठरू शकतो. बंगळुरूत व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारालगत सरकारी दंत महाविद्यालय आहे. आम्हा होसकोटेकरांना व्हाइटफील्डचं वैदेही जवळ पडतं. महाराष्ट्रात मुंबईला नायर आणि सरकारी दंत महाविद्यालय, तसंच नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी महाविद्यालयं आहेत. शिकाऊ डॉक्टर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, रांग असते, पण सरकारी ठिकाणी खर्च खासगीच्या मानाने फारच कमी असतो.

अक्कांची दाढ

आणि आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला लावलं ती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. विजापूरकडच्या आहेत, माझ्याशी अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलतात. ह्यांच्या दाढेचं पुराण घरात चालू असताना त्या सहज म्हणाल्या, "माझी पण दुखत होती वैनी, गेल्या महिन्यात काढून टाकली. रूट कॅनालला सहा हजार सांगितले. काढायला पाचशे."

अक्कांचं वय अडतीस. ज्या दाढेने अजून तीस वर्षं भाकरी चावायची, ती साडेपाच हजारांच्या फरकासाठी गेली.

त्यांचा नवरा इथल्या एका गोदामात कामाला आहे. होसकोटेच्या आजूबाजूला गोदामं आणि कारखाने मैलोन्‌मैल पसरलेत. मी त्यांना पगाराची चिठ्ठी आणायला सांगितली. १८,००० रुपये पगार आणि त्यातून दर महिन्याला १३५ रुपये 'ईएसआय' म्हणून कापलेले. मालक त्यावर आपले ५८५ घालतो. महिन्याला एकूण ७२० रुपये, तीन वर्षं. नवऱ्याला वाटत होतं, तो कसलातरी टॅक्स आहे.

राज्य कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय, २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना लागू होते. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. त्यात कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचार मिळतात आणि इथे खाटेची अट नाही. बाह्यरुग्ण म्हणूनही उपचार होतात, दात काढणं, भरणं यांसारखे दातांचे नेहमीचे उपचारही त्यात येतात, आणि एका माणसावर अमुकच खर्च अशी कमाल मर्यादा नाही. म्हणजे या घरात दातांचं खरं कवच असलेली एकच व्यक्ती होती. ती म्हणजे पाच लाखांचा मेडिक्लेम असलेले आमचे हे नव्हेत, तर अक्का. आणि दाढ गमावून बसल्या त्याही अक्काच, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पॉलिसी घेताना विचारायचे प्रश्न

एजंटाला किंवा एचआरला हे प्रश्न विचारा आणि उत्तर मेलवर मागा. तोंडी "हो मॅडम, सगळं कव्हर आहे" याला किंमत नाही.

दंतोपचार फक्त अपघातात की एरवीही? दाखल न होता, दवाखान्यात केलेले मिळतात का? वर्षाची मर्यादा किती, आणि ती एका माणसाची की सगळ्या घराची? किती दिवस थांबायचं? रूट कॅनाल, कॅप, अक्कलदाढ काढणं, मुलांच्या तारा आणि इम्प्लांट, यातलं नेमकं काय चालतं? पैसे कुठल्याही डॉक्टरकडचे मिळतात की ठरलेल्या यादीतल्याच?

पॉलिसीबरोबर आता ग्राहकांसाठी माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात काय मिळतं, काय मिळत नाही हे सोप्या भाषेत असतं. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती पटली नाही तर परत करता येते. त्या ३० दिवसांत वाचणं एवढंच आपलं काम.

दावा नाकारला तर कारण लेखी घ्या आणि ते कारण पॉलिसीच्या कुठल्या कलमातलं आहे ते विचारा. ह्यांचा दावा नियमाने नाकारला गेला होता, म्हणून आम्ही गप्प बसलो. पण कलम तुमच्या बाजूने असेल तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. बंगळुरूत त्यांचं कार्यालय आहे, मुंबईत आणि पुण्यातही आहे.

आणि एक करसवलत. घरातल्या साठीपुढच्या आई-वडिलांचा आरोग्य विमाच नसेल, तर त्यांच्या उपचारांवर केलेला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च जुन्या करप्रणालीत वजा मिळतो. पैसे रोख देऊ नका, यूपीआय किंवा कार्डाने द्या आणि बिल जपून ठेवा.

आमच्या घरची भिशी

आम्ही काय ठरवलं ते सांगते. ओपीडीची जोड घेतली नाही, आमच्या गणितात ती बसली नाही. त्याऐवजी महिन्याला ५०० रुपयांचं आवर्ती खातं उघडलं, नाव दिलं 'दातांची भिशी'. वर्षाला ६,००० जमतात. त्यातून चौघांची वर्षातून एकदा तपासणी, ती माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात, म्हणजे विसरायला नको. उरलेले पुढच्या कॅपसाठी.

पहिल्या तपासणीत मुलीच्या मागच्या दाढेत काळा ठिपका सापडला. सिमेंट भरलं, ९०० रुपये. डॉक्टर म्हणाले, वर्षभराने आली असती तर कदाचित रूट कॅनाल. बाबांच्या दंतच्या दंतकथाही थांबल्या म्हणायच्या: "आमच्या वेळी कोण जायचं दातांच्या डॉक्टरकडे" म्हणणारे सासरे पहिल्यांदाच खुर्चीत बसले आणि हलणाऱ्या दोन दातांवर इलाज करून आले. दातांचा खरा हप्ता हाच. रात्री झोपताना दोन मिनिटं ब्रश, वर्षातून एकदा खुर्ची, आणि ठणकायच्या आधी दवाखाना.

अक्कांच्या नवऱ्याने रजा काढून ईएसआयच्या दवाखान्यात कुटुंबाची नावं चढवून घेतली. तिथून त्यांना इंदिरानगरच्या ईएसआय रुग्णालयात पाठवलं. अक्कांच्या दुसऱ्या बाजूच्या दाढेला कीड लागायला सुरुवात झाली होती, ती भरून मिळाली. एक रुपया द्यावा लागला नाही. काढलेली दाढ काही परत यायची नाही, जेवताना त्या अजून उजवीकडूनच चावतात.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. कपाटातली पॉलिसी काढा आणि त्यात 'डेंटल' हा शब्द कुठे कुठे आहे ते शोधा. आणि तुमच्या घरी, सोसायटीत, दुकानात काम करणाऱ्या कुणाच्या पगारातून ईएसआय कापला जातो का, ते एकदा त्यांना विचारा.